एकाच कुटुंबाच्या घरात वीज आणि उष्णता एकत्र बनवणारे यंत्र बसवावे का? (जर्मनी, १९९४ चे घर)

नेकारकाठ यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार.

आम्ही बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये, हाइलब्रोनपासून फार लांब नसलेल्या एका मध्यम शहरात राहतो. घर १९९४ साली बांधलेले, स्वतंत्र, दीडशे चौरस मीटरचे आहे आणि आम्ही चौघे राहतो. तळघरातला गॅस बॉयलर २००१ सालचा असून आता त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले आहेत, त्यामुळे येत्या हिवाळ्याआधी निर्णय घेणे भाग आहे. वर्षाला साधारण २२,००० युनिट गॅस आणि ४,२०० युनिट वीज लागते. छतावर सौर पॅनेल बसवण्याचा विचार होता, परंतु दक्षिणेला शेजाऱ्यांचे जुने, मोठे अक्रोडाचे झाड आहे आणि त्याच बाजूच्या छतात खिडक्या काढलेल्या आहेत, त्यामुळे तो बेत तूर्त बाजूला ठेवला आहे.

हातात तीन कोटेशने आहेत. साधा कंडेन्सिंग गॅस बॉयलर सुमारे १२,००० युरोंना, हवेतून उष्णता घेणारा हीट पंप सुमारे ३४,००० युरोंना (अनुदान वजा न करता), आणि तिसरे म्हणजे ज्याला इथे सगळे ‘बेहाकावे’ म्हणतात ते, गॅसवर चालणारे छोटे इंजिन. ते २ किलोवॅट वीज आणि ५ किलोवॅट उष्णता देते. गरम पाणी साठवणारी पफर टाकी आणि कडाक्याच्या थंडीसाठी जोडबॉयलर धरून त्याची किंमत २९,००० युरो सांगितली आहे.

हे तिसरे कोटेशन देणाऱ्या कारागिराचा मुद्दा सरळ आहे. वीज मला ३६ सेंटला पडते आणि गॅस १२ सेंटला. मग तिप्पट महाग असलेली वस्तू घरच्या घरी गॅसपासून बनवावी, आणि त्यातून निघणाऱ्या उष्णतेवर घर तापवावे. कागदावर हे पटते. परंतु इतके फायद्याचे असेल तर आमच्या गल्लीत एकाच्याही तळघरात हे यंत्र का दिसत नाही, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. नाशिकहून बाबांनी फोनवर वेगळेच विचारले: “म्हणजे लाइट गेली तरी तुमचे घर चालू राहणार ना?” त्याचेही उत्तर मला देता आले नाही.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

हिशेबनीस यांचे उत्तर

नमस्कार. आपण गॅसचा आणि विजेचा वार्षिक वापर दोन्ही दिलेत हे फार बरे झाले. बहुतेक लोक फक्त घराचे क्षेत्रफळ सांगतात आणि मग सगळी चर्चा हवेत राहते.

कारागिराने विजेच्या दरापासून सुरुवात केली आहे, आणि गोंधळ तिथेच आहे. अशा यंत्राचे माप उष्णतेच्या गरजेवरून ठरते. इंजिन चालू झाले की वीज आणि उष्णता एकाच वेळी निघतात. वीज ग्रिडवर टाकता येते, उष्णतेला मात्र आपल्या घराबाहेर वाट नाही. म्हणून घराला आणि टाकीतल्या पाण्याला उष्णता लागेल तितकेच तास ते चालणार. तेव्हा पहिला प्रश्न असा की आपले घर वर्षात किती तास ५ किलोवॅट उष्णता सलग घेऊ शकते?

जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर २२,००० युनिट गॅसमधून आपल्याला साधारण १९,००० युनिट उष्णता मिळत होती. त्यातले ३,००० युनिट आंघोळीच्या आणि स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याचे धरू. मे ते सप्टेंबर या काळात रेडिएटर बंदच असतात, त्यामुळे महिन्याला सुमारे २५० युनिट गरम पाणी एवढेच काम उरते. ५ किलोवॅटच्या यंत्राला ते पन्नास तासांत उरकते. एका महिन्यात ७२० तास असतात, हे लक्षात घ्या. उरलेल्या सात महिन्यांत ते चांगले चालेल, तरी सर्वांत थंड दिवसांचा वरचा भार जोडबॉयलरच उचलेल. माझ्या अंदाजाने वर्षाला १५,००० युनिट उष्णता यंत्राकडून आणि ४,००० जोडबॉयलरकडून मिळेल. म्हणजे इंजिन ३,००० तास चालले आणि ६,००० युनिट वीज तयार झाली. या धंद्यातले लोक वर्षाला निदान ५,००० तास चालणारे यंत्र फायद्याचे मानतात. आपण त्याच्या बरेच खाली आहोत.

आता त्या ६,००० युनिट विजेतले आपण किती वापराल? आपला वार्षिक वापर ४,२०० असला तरी त्यातला बराचसा उन्हाळ्यात, किंवा यंत्र बंद असतानाचा, किंवा एका क्षणी २ किलोवॅटपेक्षा जास्त ओढणारा (केटल, ओव्हन, वॉशिंग मशीन) असतो. रात्री तीन वाजता घराची वीज २००-३०० वॅटच्या पुढे जात नाही, पण थंडीत इंजिन नेमके तेव्हाही २ किलोवॅट देत असते. म्हणून स्वतःचा वापर २,००० युनिट आणि ग्रिडवर ४,००० युनिट असे मी धरतो.

पैशांचे गणित असे बसते. साध्या बॉयलरच्या तुलनेत वीज बनवण्यासाठी वर्षाला सुमारे ७,५०० युनिट गॅस जास्त जळेल, म्हणजे ९०० युरो. घरी वापरलेल्या २,००० युनिट विजेमुळे ७२० युरो वाचतील. वीज आणि उष्णता एकत्र बनवण्याच्या, म्हणजे सहनिर्मितीच्या, कायद्यानुसार ५० किलोवॅटपर्यंतच्या नव्या यंत्राला घरी वापरलेल्या प्रत्येक युनिटवर ८ सेंट आणि ग्रिडला दिलेल्या युनिटवर १६ सेंट अधिभार, म्हणजे जादा मोबदला, मिळतो; शिवाय ग्रिडला दिलेल्या विजेला घाऊक बाजाराचा भाव, जो मी ८ सेंट धरला आहे. यातून आणखी १६० अधिक ९६० युरो. एकूण जमा १,८४०. त्यातून गॅसचे ९०० आणि देखभालीचे सुमारे ४९० वजा केले की हातात ४५० युरो उरतात. बेहाकावे आणि साधा बॉयलर यांच्या किमतीतला फरक १७,००० युरो आहे. भागाकार आपणच करावा.

एवढ्यावर थांबत नाही. तो अधिभार पूर्ण भाराच्या ३०,००० तासांपुरताच आहे, आणि एका वर्षात किती तास मोजले जातील यावरही दरवर्षी उतरत जाणारी मर्यादा आहे. आपल्या घरात ते तास दहा-बारा वर्षांत संपतील. त्यानंतर वर्षाचे ८०० युरो जातील आणि यंत्र चालवणेच तोट्याचे ठरेल. इंजिन म्हटले की तेल बदलणे, प्लग, फिल्टर आलेच. शिवाय काही हजार तासांनी मोठे काम निघते आणि ते नेमके वॉरंटी संपल्यावर निघते, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

बाबांच्या प्रश्नाचे उत्तर: नाही. ग्रिडची वीज गेली की असे सर्वसाधारण यंत्र सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडते, कारण दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या तारेत मागून वीज शिरता कामा नये. ग्रिडशिवाय चालण्याची सोय वेगळी विकत घ्यावी लागते आणि ती प्रत्येक मॉडेलला मिळत नाही. आपल्याकडच्या इन्व्हर्टरची जागा हे यंत्र आपोआप घेत नाही.

---

इंधनघट यांचे उत्तर

हिशेबनीसांचे गणित बरोबर आहे, तरी एका बाजूने थोडी भर घालतो, कारण माझ्या घरात असे यंत्र आहे आणि मी त्यावर नाखूश नाही. फरक एवढाच की माझे इंजिन नसून इंधनघट आहे: त्यात आधी गॅसमधून हायड्रोजन वेगळा काढला जातो आणि मग ज्वलनाशिवाय त्याची वीज बनते. वीज ७५० वॅट, उष्णता साधारण १ किलोवॅट. घर म्युनिकच्या दक्षिणेला, वापर जवळजवळ आपल्याइतकाच.

इंजिन आणि इंधनघट यांना एकाच मापाने मोजू नये. छोट्या इंजिनात गॅसमधल्या ऊर्जेपैकी सुमारे पाव भागाची वीज होते आणि बाकी उष्णता. इंधनघटात विजेचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त असतो, आणि सिरॅमिक प्रकारच्या काही घटांत तो निम्म्याच्याही वर जातो. त्यामुळे उष्णतेचे ओझे कमी होते, यंत्र लहान असले तरी चालते आणि ते जास्त तास चालते. माझे हिवाळ्यात जवळजवळ अखंड चालू असते. डिस्प्लेवर ग्रिडमधून येणारी वीज रात्रभर शून्याच्या आसपास दिसते. फ्रीज, राउटर आणि पंप त्या ७५० वॅटमध्ये आरामात भागतात. आवाज म्हणाल तर फ्रीजइतका.

पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली उन्हाळ्याची. एक किलोवॅट उष्णता ऐकायला किरकोळ वाटते, परंतु चोवीस तासांत ती २४ युनिट होते, आणि चौघांच्या गरम पाण्याला दिवसाला आठ-दहा युनिट पुरतात. जुलैमध्ये दुपारपर्यंत टाकी वरपासून खालपर्यंत तापलेली असते आणि यंत्र गप्प उभे असते. म्हणजे इतके लहान यंत्रसुद्धा एका कुटुंबाला उन्हाळ्यात मोठेच पडते.

दुसरी गोष्ट अनुदानाची. मी यंत्र घेतले तेव्हा २०१६ पासून सुरू असलेली केएफडब्ल्यू या सरकारी बँकेची ४३३ क्रमांकाची योजना चालू होती. त्यात खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळे आणि दहा वर्षांचा पूर्ण देखभाल करार सक्तीचा होता, म्हणून मला बिघाडाची धास्ती नाही. ती योजना आता बंद झाली आहे. अनुदानाशिवाय मी हे यंत्र घेतले नसते.

जपानमध्ये मात्र हेच तंत्र लाखो घरांत पोचले. तिथे ‘एनेफार्म’ या नावाने २००९ पासून घरगुती इंधनघट विकले जातात आणि त्यांची संख्या चार लाखांच्या पुढे गेली आहे. सरकारी मदत आणि ते विकणाऱ्या गॅस कंपन्यांचा रेटा हे कारण आहेच, पण मला वाटते की रोज संध्याकाळी टब भरून गरम पाण्यात बसण्याची तिथली सवय या यंत्राच्या पथ्यावर पडली. दिवसभर साठवलेल्या उष्णतेला बाराही महिने रोज संध्याकाळी गिऱ्हाईक तयार असते. जर्मनीत लोक पाच मिनिटांचा शॉवर घेऊन बाहेर पडतात.

---

गळीत हंगाम यांचे उत्तर

मी जर्मनीत राहत नाही, परंतु सांगली जिल्ह्यात एका सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती विभागात माझी उमेदीची वर्षे गेली असल्याने या विषयावर लिहिण्याचा मोह आवरत नाही. यंत्र दोन किलोवॅटचे असो की वीस मेगावॅटचे, नियम एकच आहे.

आमच्याकडे उसाच्या वजनाच्या २८ ते ३० टक्के बगॅस (रस काढल्यावर उरलेला चोथा) निघते आणि तीच बॉयलरमध्ये जळते. उच्च दाबाची वाफ आधी टर्बाइनमधून जाते, तिथे वीज होते, आणि दोन-अडीच किलो दाबाला उतरलेली एक्झॉस्ट वाफ रस तापवायला, बाष्पीभवनाच्या भांड्यांना आणि साखर शिजवायच्या पॅनला जाते. साखर बनवण्यासाठी ही वाफ आम्हाला काही झाले तरी लागणारच होती. वीज तिच्या वाटेवर मिळाली. कारखान्याची गरज भागवून उरलेली वीज महावितरणला जाते. हा व्यवहार परवडण्याचे कारण टर्बाइनच्या कार्यक्षमतेत शोधू नये. हंगाम चालू आहे तोवर दिवसरात्र, दर तासाला, जवळजवळ सारखीच वाफ मागणारे गिऱ्हाईक त्याच कुंपणात बसलेले असते, हे खरे कारण.

हे गिऱ्हाईक अचानक थांबले की काय होते ते ज्याने पाहिले आहे त्याला घरगुती यंत्राची अडचण लगेच कळेल. पावसाने रस्ते बंद झाले किंवा ऊसतोड थांबली की ऊस टाकायची गव्हाण रिकामी पडते आणि लॉगबुकात ‘नो केन’ (ऊस नाही) अशी नोंद होते. मिल थांबते, थोड्या वेळाने पॅन आणि भांडी वाफ घेईनाशी होतात, एक्झॉस्टचा दाब चढू लागतो, आणि टर्बाइनवाल्याला भार उतरवावा लागतो. ज्यांच्याकडे कंडेन्सिंग टर्बाइन आहे ते उरलेली वाफ थंड करून वीज चालू ठेवू शकतात, पण मग ती उष्णता वायाच गेली. आपले घर म्हणजे दिवसातून चार वेळा आणि उन्हाळ्यात सलग पाच महिने ‘नो केन’ असणारा कारखाना आहे. पफर टाकी म्हणजे काही तासांचा साठा. ती हंगाम लांबवू शकत नाही.

पुण्या-मुंबईच्या वाचकांपैकी कोणी पाइप गॅसवर असे यंत्र बसवण्याचा विचार करीत असतील तर त्यांच्यासाठी एक ओळ: आपल्याकडे घर तापवायचेच नसते, आणि आंघोळीचे पाणी छतावरचा सोलर हीटर देतो.

---

नेकारकाठ यांचे उत्तर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘नो केन’चा दाखला घरी वाचून दाखवला, हिने लगेच विचारले की मग आपल्या गव्हाणीत ऊस जास्त काळ कसा राहील? म्हणजे गिऱ्हाईक वाढवता येईल का?

आमच्या आणि लागून असलेल्या तीन घरांचे बॉयलर साधारण एकाच वयाचे आहेत, शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत आणि सगळ्यांनाच पुढच्या एक-दोन वर्षांत खर्च करायचा आहे. चौघांत मिळून एक मोठे यंत्र घेतले तर? शिवाय हीट पंपाबद्दल कोणीच स्पष्ट लिहिले नाही. १९९४ चे घर, साधे रेडिएटर, फ्लोअर हीटिंग नाही. अशा घरात तो चालत नाही असे दोन कारागिरांनी सांगितले आहे.

---

हिशेबनीस यांचे उत्तर

चार घरांची कल्पना तांत्रिकदृष्ट्या अगदी योग्य दिशेची आहे. चारही घरांची उष्णता मिळून सुमारे ७६,००० युनिट होईल. श्वाइनफुर्टच्या झेनरटेक कंपनीचे ‘डाक्स’ हे १९९६ पासून विकले जाणारे, या वर्गातले सर्वांत परिचित यंत्र ५.५ किलोवॅट वीज आणि सुमारे १२.५ किलोवॅट उष्णता देते. ते ५,००० तास चालले तर ६२,५०० युनिट उष्णता निघते. हेच यंत्र एकट्या आपल्या घरात बसवले असते तर पूर्ण वर्षाची उष्णता त्याने दीड हजार तासांत संपवली असती. म्हणजे चार घरांना ते नेमके बसते, एका घराला तिप्पट मोठे होते. अर्धा टन वजनाच्या या इंजिनाला खरे घर छोट्या हॉटेलात, वृद्धाश्रमात, आठ-दहा सदनिकांच्या इमारतीत किंवा पोहण्याच्या तलावाशेजारी मिळते.

अडचण कायद्याची आणि खोदकामाची आहे. स्वतंत्र घरांमध्ये उष्णतेचे नळ टाकायचे म्हणजे अंगण, कुंपण आणि कदाचित पदपथ उकरणे आले. इन्सुलेशन केलेला जमिनीखालचा नळ मीटरमागे काही शे युरोंचा होतो. मग मीटर, वाटपाचे नियम, कोणी घर विकले तर नव्या मालकाचे काय, यंत्र कोणाच्या तळघरात आणि आवाज कोणाच्या झोपेत, हे सर्व करारात लिहावे लागते. शेजाऱ्यांना वीज देण्याचे तर त्याहून अवघड झाले आहे. त्स्विकाउ शहरात भाड्याच्या इमारतींना वीज आणि उष्णता देणाऱ्या अशाच यंत्रांवरून खटला झाला. युरोपीय न्यायालयाने २८ नोव्हेंबर २०२४ रोजी आणि त्यानंतर जर्मन सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने मे २०२५ मध्ये असा निकाल दिला की शेजारच्या इमारतींना पैसे घेऊन वीज पोचवणाऱ्या तारा सहजासहजी ‘ग्राहकाची खाजगी व्यवस्था’ म्हणून वितरण कंपनीच्या नियमांतून सुटत नाहीत. चार घरमालकांनी या फंदात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसती उष्णता वाटून घ्यावी आणि वीज ग्रिडला द्यावी, हा मार्ग उरतो. पण मग घरी वापरलेल्या विजेची बचत हातची जाते, आणि सगळा फायदा त्याच बचतीवर उभा होता.

त्याआधी एक सोपी गोष्ट करा. बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये मोठ्या शहरांना आणि ग्रोसे क्राइसश्टाट (जिल्ह्यातले मोठे शहर) दर्जाच्या शहरांना आपला उष्णता आराखडा, म्हणजे कोणत्या भागात घरे कशी तापवायची याची योजना, २०२३ च्या अखेरीपर्यंत पूर्ण करणे बंधनकारक होते. आपले शहर त्यात असेल तर नगरपालिकेच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. आपली गल्ली उष्णता-जाळ्याच्या (नळांनी घरोघर उष्णता पोचवण्याच्या) पट्ट्यात रंगवली असेल तर श्टाटवेर्केला, म्हणजे शहराच्या ऊर्जा कंपनीला, फोन करा. इंजिन त्यांनी चालवावे, नळ त्यांनी टाकावेत, आपण फक्त मीटरप्रमाणे उष्णता घ्यावी. तसे नसेल तर चर्चा आपोआप हीट पंपावर येते.

---

र्‍हाइनवासी यांचे उत्तर

हीट पंपाबद्दल विचारले आहे म्हणून लिहितो. त्याआधी बेहाकावेच्या बाजूने नेहमी मांडला जाणारा युक्तिवाद तपासून पाहू. ‘दूरच्या वीजकेंद्रात अर्धी उष्णता वाया जाते, घरच्या यंत्रात काहीच वाया जात नाही,’ असे माहितीपत्रकांत लिहिलेले असते. जुन्या कोळसा केंद्रांच्या काळात हे म्हणणे वजनदार होते. आमच्या ड्युसेलडॉर्फमध्ये लाउसवार्डचे गॅस केंद्र २०१६ पासून चालू आहे. ते गॅसमधल्या ऊर्जेच्या ६१ टक्क्यांहून जास्त वीज करते आणि शिवाय शहराला नळाने उष्णता पुरवते. आता एकच गॅस दोन वाटांनी पाठवून पाहा. तळघरातल्या इंजिनाला १०० युनिट गॅस दिला तर २५ युनिट वीज आणि ६५ युनिट उष्णता मिळते. तोच गॅस मोठ्या केंद्रात जाळला, आणि तारांमधली गळती वजा जाता ५७ युनिट वीज आपल्या घरी पोचली असे धरले, तर त्यातले २५ युनिट दिव्यांना आणि उपकरणांना ठेवा आणि ३२ युनिट हीट पंपाला द्या. पंपाने तिप्पट उष्णता दिली तरी ९६ युनिट होतात. ६५ विरुद्ध ९६, आणि तेही सगळी वीज गॅसपासूनच बनते असे मानून. प्रत्यक्षात जर्मनीतल्या विजेत अक्षय ऊर्जेचा वाटा २०२३ पासून निम्म्याहून अधिक आहे.

बेहाकावेची एक बाजू मला खरोखर मान्य आहे. जानेवारीत जेव्हा सूर्यही नसतो आणि वाराही नसतो, तेव्हा ते वीज देते, आणि नेमक्या त्याच वेळी हीट पंप वीज मागतात. ग्रिडच्या दृष्टीने हे मोलाचे आहे. मात्र ते काम शहराच्या उष्णता-जाळ्यावर बसलेल्या मोठ्या यंत्रांनी करावे हे बरे. एकेका तळघरातून ते करायचे तर तेल बदलायला माणूस घरोघर फिरत राहणार.

आता १९९४ च्या घराविषयी. फ्लोअर हीटिंगशिवाय हीट पंप चालत नाही, ही समजूत फार पसरलेली आहे. फ्राउनहोफर आयएसई या संस्थेने राहत्या जुन्या घरांत केलेल्या मोजमापांत एक युनिट विजेमागे मिळणाऱ्या उष्णतेची वार्षिक सरासरी हवेवरच्या पंपांची ३.१ आणि जमिनीतून उष्णता घेणाऱ्या पंपांची ४.१ आली होती, आणि त्यांतल्या अनेक घरांत साधे रेडिएटरच होते. आपल्या १९,००० युनिट उष्णतेला ३.१ ने भागले तर ६,१०० युनिट वीज लागते. हीट पंपाचा वेगळा दर २८ सेंट मिळाला तर ती १,७०० युरोंची झाली. नव्या गॅस बॉयलरवर हाच खर्च २,४०० युरो आहे. वर गॅसचे स्थिर शुल्क आणि धुराडे तपासणाऱ्याची फी वाचते ती निराळी. कार्बन कर २०२१ मध्ये टनाला २५ युरो होता, तो २०२५ मध्ये ५५ झाला, त्यामुळे गॅसचा आकडा खाली यायची शक्यता मला दिसत नाही.

अनुदानात केएफडब्ल्यूच्या ४५८ क्रमांकाच्या योजनेचे मूळ ३० टक्के मिळतात. आपण स्वतः त्या घरात राहता आणि गॅस बॉयलर वीस वर्षांहून जुना आहे, म्हणून लवकर बदलण्याचे आणखी २० टक्के. हे प्रमाण पहिल्या ३०,००० युरोंवर मोजतात, म्हणजे १५,००० युरो. ३४,००० चे १९,००० झाले. साध्या बॉयलरपेक्षा ७,००० जास्त. सरकारने इमारतींच्या ऊर्जा कायद्यात बदल करायचे ठरवले आहे, तेव्हा अर्जाच्या दिवशीच्या अटी वाचूनच करारावर सही करा, आणि करारात ‘अनुदान मंजूर झाले तरच’ ही अट घालून घ्या.

कारागिरांच्या मतावर अवलंबून राहायचे नसेल तर थंडीत स्वतःच परीक्षा घ्या. बाहेर शून्याच्या खाली तापमान असलेल्या दिवशी सध्याच्या बॉयलरमधून रेडिएटरकडे जाणारे पाणी ५० किंवा ५५ अंशांवर बांधून टाका, सगळ्या खोल्यांचे थर्मोस्टॅट पूर्ण उघडे ठेवा आणि दोन दिवस पाहा. सगळ्या खोल्या २० अंशांवर राहिल्या तर काहीही न बदलता हीट पंप चालेल. एखादीच खोली, बहुधा बाथरूम किंवा उत्तरेकडची, मागे पडली तर तिथला रेडिएटर जाडजूड, तीन पट्ट्यांचा बसवा. त्याला काही शे युरो लागतात.

---

नेकारकाठ यांचे उत्तर

नगरपालिकेचा नकाशा पाहिला. आमची गल्ली ‘स्वतंत्र व्यवस्था’ या रंगात आहे, म्हणजे उष्णता-जाळे येणार नाही. बेहाकावेवाल्या कारागिराला नकार कळवला; त्याने हिशेबनीसांच्या ३,००० तासांच्या आकड्यावर वाद घातला नाही, फक्त विजेचे दर अजून वाढतील एवढेच म्हणाला. ५५ अंशांची परीक्षा नोव्हेंबरात पहिली कडक थंडी पडली की घेतो. तोवर जुन्या बॉयलरने साथ द्यावी, इतकीच अपेक्षा आहे. शेजारच्या तिघांनाही तीच परीक्षा करायला सांगितली आहे. चौघांनी एकाच कारागिराकडून एकत्र कोटेशन मागितले तर दर खाली येतो का, हे कोणाला ठाऊक असल्यास अवश्य लिहावे.

---

र्‍हाइनवासी यांचे उत्तर

येतो, पण यंत्राच्या किमतीत फारसा नाही. मजुरी, विद्युत जोडणी आणि बाहेरच्या युनिटखालचे काँक्रीट यांत येतो. चारही बाहेरची युनिटे एकमेकांच्या झोपायच्या खोल्यांपासून दूर कुठे बसतील याचा नकाशा मात्र कोटेशन मागण्याआधी चौघांनी मिळून काढा. आवाजाची रात्रीची मर्यादा निव्वळ निवासी भागात ३५ डेसिबल आहे आणि ती शेजाऱ्याच्या खिडकीपाशी मोजतात.